नोटेवरची सही आणि मेघदूताचा अनुवादक

गेल्या आषाढात आमच्या धर्मग्रामातील सहा कुटुंबे मिळून रायगड पाहण्यास गेली होती. गड उतरून महाडकडे येताना वाटेत नाते हे गाव लागते. गाडीतल्या एका मुलाने पाटी वाचली आणि विचारले, "या गावाचे विशेष काय?" आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांची उभी हयात बँकेच्या नोकरीत गेली, ते अभिमानाने म्हणाले, "अरे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या गावी जन्मले. नोटांवर त्यांची सही असे." मी पुस्ती जोडली, "आणि कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठी पद्यात आणले." यावर ते हसले आणि म्हणाले, "हो, फावल्या वेळात केले असेल. शेवटी भाषांतरच ते!"

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवथरच्या घळीत गेलो. धबधबा भरात होता. त्याच्या आवाजात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नव्हते. तरी ते एक वाक्य माझ्या कानांतून काही केल्या जाईना. ते गृहस्थ सज्जन आहेत आणि माझे स्नेही आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्या एकट्याचे असते, तर मी ते सोडून दिले असते. परंतु हा आपल्या सगळ्यांच्याच मनाचा कौल आहे. तो चुकीचा आहे, एवढेच नव्हे तर आपल्यासारख्या समाजाला तो शोभत नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम माणसाविषयी. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातील नाते येथे झाला. वडील रोह्याला वकिली करीत, त्यामुळे बालपण तिकडे गेले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या यशाचे कौतुक राम गणेश गडकरी यांनी कविता लिहून केले होते. पुढे ते केंब्रिजला जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान शिकले आणि तेथे वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांच्याकडे आले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२च्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठवले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

हा वृत्तांत शाळकरी भाषणातून आपण पुष्कळदा ऐकला आहे. त्यात राजीनाम्याला टाळ्या पडतात आणि त्या पडाव्यातच. रिझर्व्ह बँक त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालवते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमधील सभागृहाला त्यांचे नाव आहे. ठाण्याला स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना शिकवणारी महापालिकेची संस्था त्यांच्या नावाने चालते. गव्हर्नर, मंत्री आणि अधिकारी यांना स्मारके मिळाली. कवी आणि अनुवादक मात्र भाषणाच्या शेवटच्या वाक्यात उरतो. "ते संस्कृतचेही व्यासंगी होते," या वाक्यातील "ही"मध्ये त्यांना कोंबून आपण मोकळे होतो.

आता "फावल्या वेळा"चा हिशेब मांडू. देशमुखांचा मेघदूताचा मराठी अनुवाद १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली होती आणि तीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची घडी बसवली गेली. त्या परिषदेच्या भारतीय प्रतिनिधिमंडळात देशमुख होते. महायुद्ध चालू होते, बंगालच्या दुष्काळाची राख अजून निवली नव्हती, आणि युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे साठलेल्या आपल्या पैशाचा प्रश्न त्या मंडळाला टोचत होता. अशा वर्षी ज्याच्या हातून मेघदूत छापून येते, त्याच्यापाशी फावला वेळ होता असे कोणी म्हणेल काय? तो वेळ त्याने काढला होता. वेळ फावणे आणि वेळ काढणे यांतला फरक ज्या आईने दिवसभर शेतात राबून रात्री मुलांचा अभ्यास घेतला आहे, तिला समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय छंद म्हटला की तो येतो आणि जातो. सोळाव्या वर्षी संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवणारा मुलगा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मेघदूत मराठीत आणतो. एकसष्टाव्या वर्षी महात्मा गांधींची वचने संस्कृत श्लोकांत बांधून 'गांधीसूक्तिमुक्तावली' हे पुस्तक देतो. पुढे स्वतःच्या संस्कृत कवितांची 'संस्कृत काव्यमालिका' प्रसिद्ध करतो. संस्कृतातून मराठीत आणि आजच्या माणसाच्या वचनांतून पुन्हा संस्कृतात, अशी ही दुहेरी ये-जा आहे. पदे आली आणि गेली. हे काम मात्र तिथेच राहिले. मग या माणसाचा मुख्य व्यवसाय कोणता आणि जोडधंदा कोणता, हे इतक्या खात्रीने आपण कशावरून ठरवतो? पगार कशाचा मिळत होता यावरूनच ना? पगारावरून माणूस मोजायचा, तर आपल्या वेदीवरील कित्येक संतांना जागा सोडावी लागेल.

आता दुसरा आणि अधिक खोल आक्षेप, "शेवटी भाषांतरच ते." हे वाक्य शिवथरच्या वाटेवर उच्चारले गेले, यातच त्याचे उत्तर आहे. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणाने तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. १९३० साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही घळ शोधून काढली, म्हणून आज आपण तेथे जाऊ शकतो. दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यातील पहिल्याच समासात रामदास आपल्या ग्रंथाला कोणकोणत्या संस्कृत ग्रंथांचा आधार आहे ते नावांनिशी सांगतात. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने वाल्मीकिरामायण उतरून काढले होते. ते हस्तलिखित धुळ्याला जपलेले आहे. आणि त्याच रामायणातील सुंदरकांड व युद्धकांड त्यांनी मराठीत रचले. रामदासांच्या आधी साडेतीनशे वर्षे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत बोलती केली होती. या थोरांची रचना शब्दास शब्द ठेवणारी नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या भाषेतील धन आपल्या माणसांच्या पदरात घालावे, ही तळमळ तीच आहे. मराठी वाङ्मयाच्या पायाचे दगड या तळमळीने घडले. त्या पायावर उभे राहून "शेवटी भाषांतरच ते" म्हणणे म्हणजे घरात राहून जोत्याची थट्टा करणे होय.

भाषांतर हे यांत्रिक काम आहे, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतण्यासारखे, असे ज्यांना वाटते त्यांनी मेघदूताचा एकच श्लोक घेऊन बसावे. मूळ काव्य मंदाक्रांता वृत्तात आहे. प्रत्येक चरणात सतरा अक्षरे. चारांनंतर विराम, मग सहांनंतर, मग सात. लघुगुरूंचा क्रम ठरलेला. संस्कृत भाषा समासाच्या बळावर एका शब्दात एक अख्खे चित्र बसवू शकते आणि शब्द पुढेमागे केले तरी तिचा अर्थ ढळत नाही. मराठीला प्रत्यय लागतात, शब्दयोगी अव्यये लागतात, क्रियापदाची जागा सहसा वाक्याच्या शेवटी असते. अनुवादकाने सारे संस्कृत शब्द तसेच ठेवले, तर वृत्त सांभाळले जाते. पण वाचकाला मराठीत काही मिळत नाही. सारे सोपे केले, तर अर्थ पोचतो आणि मेघाची ती संथ, जड चाल हरवते. दर ओळीला अनुवादकाला काहीतरी सोडावे लागते. काय सोडायचे हे जो ठरवतो, त्याला कवीचा कान आणि न्यायाधीशाचा विवेक दोन्ही लागतात.

देशमुखांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मेघदूत हे झाडापेडांनी भरलेले काव्य आहे. विरही यक्ष मेघाचे स्वागत कुटजाच्या ताज्या फुलांनी करतो. पुढे वाटेत अर्धवट उमललेला कदंब येतो, केतकीची कुंपणे येतात, पिकल्या जांभळांनी काळी झालेली बने येतात, रानातली उंबरे पिकतात. आता कुटज म्हणजे आपला कुडा. पावसाच्या तोंडावर महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर पांढऱ्या फुलांनी लवणारे हे झाड कातकऱ्याच्या पोरालाही ओळखता येते. केतकी म्हणजे केवडा. पुष्कळ संस्कृतज्ञांना ही नावे कोशातून ठाऊक असतात. त्यांची झाडे समोर उभी केली तर ओळखू येत नाहीत. येथे मात्र कालिदास वाचणारा तोच माणूस केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवून आलेला होता आणि तोच सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मलेला होता. अशी तयारी घेऊन मेघदूताकडे किती जण गेले असतील? ज्या शिक्षणाला आपण "आय.सी.एस.ची शिडी" म्हणतो, ते त्यांच्या अनुवादाचीही शिदोरी होते.

आणि मेघ! उज्जयिनीच्या वाटेवरचा तो मेघ महाडच्या माणसाला परका कसा वाटेल? कालिदासाच्या काव्यात खेड्यातील स्त्रिया मेघाकडे पाहतात, कारण शेताचे पीक त्याच्या हाती आहे. त्यांच्या नजरेत नागर विभ्रम नाहीत, केवळ ओढ आहे. शिवथरच्या खोऱ्यात भातलावणी करणाऱ्या बाईची नजर तीच आहे. मात्र तिला मेघाची दुसरी बाजूही माहीत आहे. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि महाड शहर पुरात बुडाले. मेघाला दूत करून निरोप धाडणारे काव्य या भूमीच्या भाषेत वाचताना त्याचा अर्थ कोवळा राहत नाही, गंभीर होतो. काव्य दुसऱ्या भाषेत गेले की ते दुसऱ्या पावसात भिजते. अनुवादकाचे काम एवढ्यासाठी हवे असते.

माझे स्नेही येथे म्हणतील, "पण देशमुखांचे मेघदूत वाचतो कोण? लोकांना कुसुमाग्रजांचे माहीत आहे, शांता शेळक्यांचे माहीत आहे." खरे आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मेघदूत मराठीत आणले. देशमुखांनंतर १९५६ साली कुसुमाग्रजांचे आले, १९९४ साली शांताबाईंचे. बोरकरांनी आणि वसंत बापटांनीही या काव्याला हात घातला. यांत कोणाचे अधिक गोड, याचा निवाडा रसिकांनी करावा. सर्वांत गोड देशमुखांचेच, असा दावा मी करीत नाही. माझा मुद्दा निराळा आहे. एकच काव्य इतक्या जणांनी पुन्हा पुन्हा का आणले? प्रत्येक पिढीला ते आपल्या बोलीत ऐकावेसे वाटले म्हणून. ही एक ओवरी आहे. तिच्यात प्रत्येकाने एक खांब उभा केला. शेवटचा खांब सुबक आहे म्हणून मधला काढून टाकता येत नाही. आणि गंमत पाहा: कुसुमाग्रजांचे मेघदूत हे कवीचे काम म्हणून आपण वाचतो, देशमुखांचे मात्र अधिकाऱ्याची हौस म्हणून. काम तेच, पाटी बदलली की किंमत बदलते!

याला जगात दुसरी रीत आहे, हे आपल्या वाचकांना एका उदाहरणाने सांगतो. क्रोएशियातील स्प्लिट नगरात मार्को मारुलिच हा कवी होऊन गेला (१४५०–१५२४). श्रद्धावान कॅथॉलिक, लॅटिनचा पंडित. बायबलातील युदिताच्या कथेवर त्याने १५०१ साली आपल्या लोकांच्या भाषेत महाकाव्य रचले. त्याने थॉमस आ केम्पिस यांचे 'ख्रिस्तानुकरण' क्रोएशियन भाषेत आणले. दांते आणि पेत्रार्क यांच्या कवितेचा लॅटिन अनुवाद केला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले तेव्हा त्यांच्यापाशी जी मोजकी पुस्तके होती त्यांत मारुलिचचे एक लॅटिन पुस्तक होते, असे सांगतात. म्हणजे हा माणूस आपल्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी नाही. त्याच्या देशाने त्याला वाङ्मयाचा जनक मानले. ज्या २२ एप्रिलला त्याने युदिता पूर्ण केली, तो दिवस तेथे पुस्तकाचा दिवस म्हणून पाळतात. आणि २०२३ साली युरो येईपर्यंत त्या देशाच्या पाचशे कुनांच्या नोटेवर या कवीचा, या भाषांतरकाराचा चेहरा होता. तिकडे नोटेवर भाषांतरकाराची मुद्रा. इकडे भाषांतरकाराची सही नोटांवर देशभर फिरली आणि ती कवीची सही आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

हे सारे मी एका सामाजिक त्रैमासिकात का लिहितो आहे? कारण दोष बाहेरच्यांचा सांगून मला थांबता येत नाही. जगाच्या पाठीवर भाषांतराचे ऋण ज्यांच्यावर सर्वांत अधिक आहे, त्या लोकांत आपण आहोत. पवित्र शास्त्र आपण मुळातून वाचत नाही. संत जेरोम यांनी बेथलेहेमात बसून ते लॅटिनमध्ये आणले आणि त्यापायी टीकाकारांशी आयुष्यभर भांडण केले. भाषांतर कसे करावे यावर त्यांनी लिहिलेले पत्र आजही वाचले जाते. त्यांचा ३० सप्टेंबरचा सण आता जगभर भाषांतर दिन म्हणूनही पाळला जातो. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत आणली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेला लोकभाषेचे दार उघडले, म्हणून आज आपली आजी मिस्सा समजून ऐकते. 'सुबोध बायबल' सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण फटाके वाजवले. ठीक आहे. पण मोठ्यांना हार घालणे सोपे असते. लहानांचे नाव लिहिणे अवघड जाते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तरुणपणी आम्ही चौघांनी मिळून एका धर्मग्रामाच्या गीतसंग्रहासाठी काही लॅटिन आणि इंग्रजी गीते मराठीत आणली. दोन पावसाळे त्यात गेले. चालीत बसेल, अर्थ ढळणार नाही आणि गायनवृंदातल्या मुलांच्या जिभेवर अडणार नाही, असा शब्द शोधताना रात्री जागवल्या. पुस्तक छापून आले. त्यात देणगीदारांची नावे होती, मुद्रकाचे नाव होते, मुखपृष्ठ काढणाऱ्याचे होते. गीतांखाली मात्र काहीच नव्हते. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "ती काही तुमची गीते नाहीत, भाषांतरे आहेत." चौघांपैकी दोघे आज हयात नाहीत. त्यांची गीते दर रविवारी गायिली जातात आणि गाणाऱ्यांत त्यांची नातवंडे आहेत. आपल्या आजोबांचे शब्द आपण गातो आहोत, हे त्या मुलांना ठाऊक नाही. माझे नाव राहिले याचे दुःख मला नाही; नम्रता शिकण्याचे वय झाले आहे. पण या मुलांचा वारसा कोणी कोणत्या अधिकाराने पुसला?

नम्रतेचे कारण पुढे करून काही जण म्हणतील, देवाच्या कामात नाव कशाला? मग देणगीदाराचे नाव संगमरवरात कशाला? नम्रता हवी तर ती सर्वांना सारखी लागू करा.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आपल्या धर्मग्रामांतून यापुढे जे गीत, जी प्रार्थना, जे नाटुकले दुसऱ्या भाषेतून येईल, त्याखाली मूळ कर्त्याबरोबर अनुवादकाचेही नाव छापावे. जुन्या संग्रहांतील नावे ज्यांना आठवतात ती वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून विचारून घ्यावीत. आपल्या घरांतील मुले आज तीन-तीन भाषा बोलतात. त्यांना केवळ "इंग्रजीत मार्क किती?" असे न विचारता, "एखादी गोष्ट आजीच्या बोलीत सांगून दाखव" असेही म्हणावे. पाहा, किती जणांची जीभ अडखळते! तेव्हा कळेल, भाषांतर सोपे असते की काय ते.

आणि रायगडला सहल जाईल तेव्हा नाते गावापाशी गाडी थांबवून मुलांना सांगावे की येथे एक कवी जन्मला. त्याने कालिदासाचा मेघ मराठीत आणला, गांधीजींचे बोल संस्कृतात नेले, आणि यांखेरीज तो रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नरही होता. आजवर आपण "ही" चुकीच्या ठिकाणी लावत आलो. एकदा तो जागा बदलून लावून पाहू.

परतीच्या वाटेवर माझ्या त्या स्नेह्यांना मी हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते पुस्तक मिळेल का कुठे?" माझ्याजवळ प्रत नव्हती. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो मी आपल्या सर्वांच्या वतीने ग्रंथालये व प्रकाशक यांच्यापुढे ठेवतो.